पल्याडचा नावाडी

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, पण तिनं आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं. ती दात करायची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि पाठवून देतात. मग कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून त्या मापावरून आधी मेणाचा आणि मग पक्का दात घडवतं. ते कुणीतरी म्हणजे ती. खोलीला लॅब म्हणायचे. खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर दिवा, हातात बारीक ब्रश. दिवसभर ती लोकांचे दात करायची आणि संध्याकाळी हात धुतले तरी नखांत प्लास्टर राहायचं.

मास्तरीण हे नाव पडलं खेळामुळं. खेळ असा, की चार माणसं टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकजण एकेक पात्र होतो. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एकजण मात्र पात्र होत नाही, तो जग होतो. दरी तो, दरीतलं जनावर तो, मुक्कामाला जागा नाही म्हणणारा सराईवालाही तोच. “पुलापाशी आलात. फळ्या कुजल्यात. काय करता?” असं तो विचारतो, खेळणारे काय करणार ते सांगतात, आणि ते जमतं की फसतं याचा निकाल फासे देतात. या माणसाला गेम मास्टर म्हणतात. तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी त्याचं मास्तर करून टाकलं, आणि मास्तरकी करणारी त्यांची लेक म्हणून ती मास्तरीण झाली.

तेव्हा ती कॉलेजात होती आणि धाकटा भाऊ शाळेत. भावानं कुठूनतरी नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, निम्मी पानं सुटलेली. तिनं ते दोन दिवसांत वाचून काढलं आणि नाक मुरडलं. “यात सगळे मरतात आणि परत उठतात,” ती म्हणाली. “मग मरायचंच कशाला?” आणि तिनं स्वतःचे नियम करायला घेतले.

तिचे नियम कडक होते. झोळीत मावेल तेवढंच सामान. रोज खायला लागणार, आणि शिदोरी संपली की उपास. अंधारात तेलाशिवाय दिसणार नाही. जादू येते, पण फुकट नाही. प्रत्येक मंत्रामागं जादूगारानं स्वतःची एक आठवण कायमची विसरायची. आणि मेला तो मेला. फासा एकदा पडला की पुन्हा टाकायचा नाही.

जगही तिनं तिच्याच पद्धतीनं बांधलं. इतर मास्तर लोक म्हणे आधी राजे आणि राक्षस ठरवतात. तिनं आधी मीठ ठरवलं. मीठ कुठं पिकतं, ते डोंगरापलीकडं कसं जातं, वाटेत बैल कुठं पाणी पितात. मिठाच्या मागून रस्ते आले, रस्त्यांमागून गावं आली, आणि देवांची पाळी येईस्तोवर कागद संपला. त्या जगाला तिनं नाव दिलं पल्याड. मधून करडी नावाची रुंद नदी, नदीवर तीनघाट नावाचं गाव, आणि समुद्राकडं खारेपाट.

भावाचं तंत्र अगदी वेगळं. त्याला बोलणारा घोडा हवा होता.

“घोडे बोलत नाहीत,” ती म्हणायची.

“पल्याडात बोलू देत की!”

“त्यांना बोलायला कुणी शिकवलं? आणि बोलता येत असेल तर ते ओझी का वाहतात?”

“ताई, मजा म्हणून काही असतं की नाही?”

मग दोघं बाबांकडं बघायचे. बाबा मालधक्क्यावर ट्रक मोजायच्या काट्यावर होते. भरलेला ट्रक आला की काट्यावर चढवायचा, आकडा वाचायचा आणि ड्रायव्हर कितीही गयावया करो, आला तोच आकडा सांगायचा. रविवारी त्यांना झोपायचं असे, पण पोरांनी ओढून टेबलाशी बसवलं की तेही पात्र व्हायचे. घोड्याच्या खटल्यात त्यांनी निकाल दिला, “घोडा बोलेल. पण खोटंच बोलेल.” तोच नियम झाला.

बाबांचं स्वतःचं पात्र म्हणजे एक नावाडी. तलवार नाही, मंत्र नाही, करडी नदीवर एक जुनी होडी आणि तोंडात सतत कुरकुर. सगळे त्याला आडमुठ्या म्हणायचे, कारण वाद घातल्याशिवाय तो कुणाला पलीकडं नेत नसे. कुणी विचारलं, “बाबा, तुमचं नाव काय?” की तो होडीकडं बोट दाखवायचा. “ही काय, बांधलीय समोर. डोळे फुटले का?” दर रविवारी कुणीतरी नवा वाटसरू घाटावर यायचा, दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर, आणि दर रविवारी बाबा स्वतःच्या विनोदावर ठसका लागेपर्यंत हसायचे. शेवटपर्यंत त्या नावाड्याला नाव मिळालं नाही ते नाहीच.

तो नावाडी पुरात गेला. करडीला पूर आला होता, होडीत भावाचं पात्र आणि मिठाची पोती, आणि दोर तुटत आलेला. मास्तरीण म्हणाली, पोती टाकून द्या, नाहीतर फासा टाका. बाबा म्हणाले, पोती दुसऱ्याची आहेत. त्यांनी फासा टाकला. एक पडला.

“परत टाका!” भाऊ ओरडला. “ताई, परत टाकू दे ना!”

ती काही बोलायच्या आत बाबांनीच मान हलवली. “काट्यावर आलं ते आलं,” ते म्हणाले. भावाचं पात्र पोहून काठाला लागलं. नावाडी लागला नाही. बाबांनी आपल्या पात्राच्या कागदाची व्यवस्थित घडी केली, खिशात घातली आणि चहा टाकायला उठले. पुढच्या रविवारी ते नवा माणूस घेऊन आले, कुणी कुंभार. चांगला होता तो कुंभार, पण त्याच्यावर कुणी ठसका लागेपर्यंत हसलं नाही.

पुढं काही वर्षांनी बाबा खरेच गेले. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं सगळं. त्यानंतर भाऊ-बहीण एकदोनदा टेबलाशी बसले, पण तिसरी खुर्ची रिकामी आणि दोघांचं लक्ष तिकडंच. मग भावाचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि रविवारी त्याला कामं निघू लागली. खेळ संपला, असं कुणी म्हणालं नाही. एकमेकांना बोलावणं तेवढं राहून गेलं.

मास्तरिणीनं पल्याड सोडलं नाही. रविवारी सकाळी ती टेबलावर मोठा नकाशा पसरायची आणि काम करत बसायची. खेळायला कुणी नव्हतं तरी जगाला काय त्याचं? खारेपाटच्या धरणाला गळती लागली होती, ती काढायला हवी होती. एका गावात दोन देवळांचं भांडण होतं. डोंगरातल्या खिंडीत हिवाळ्यात कोण राहतं, ते तिनं कधी ठरवलंच नव्हतं. एक पूर्ण थंडी तिनं त्यात घालवली. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “जमलं नाही,” आणि ते खरंही होतं. लॅबमधल्या मैत्रिणी सोमवारी विचारायच्या, रविवारी काय केलंस? ती सांगायची, घर आवरलं.

एकदा एका डॉक्टरीणबाईंनी तिला क्लिनिकमध्ये बोलावलं. पेशंटचा पुढचा दात अर्धा तुटला होता आणि त्याच्या रंगाशी नव्या दाताचा रंग जुळत नव्हता. अशा वेळी लॅबवाल्याला स्वतः येऊन, उजेडात पेशंटच्या दाताशेजारी रंगाचे नमुने धरून बघावं लागतं. ती गेली. खुर्चीत एक गोरा, गप्पिष्ट तरुण. तोंडात हात नसला की बोलत सुटायचा.

“दात तुटला कसा?” तिनं विचारलं.

“बाटलीचं बूच उघडताना. तेही लढाईच्या मध्यात!” तो हसला. “म्हणजे खरी लढाई नाही हो. आमचा रविवारचा खेळ असतो. फासे, राक्षस, जादू. ऑफिसातले चारपाच जण जमतो.”

तिचा हात थांबला. खेळणारं कुणी असं अचानक समोर यावं, ही तिच्यासाठी रस्त्यात घबाड सापडल्यासारखी गोष्ट होती. विचारावं का, अजून एकाला जागा आहे का? विचारायला शब्द जुळवीपर्यंत तोच पुढं बोलायला लागला.

“आमचा मास्तर काय एकेक नग काढतो! त्याचा एक नावाडी आहे, काल पुन्हा आला. मी विचारलं, नाव काय तुमचं? तर म्हणतो, ही काय, बांधलीय समोर. डोळे फुटले का!” आणि तुटक्या दातासकट तो खदखदा हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या.

“जरा पुन्हा तोंड उघडा,” मास्तरीण म्हणाली आणि रंगाचा नमुना त्याच्या दाताशी धरला. कोपर तिनं खुर्चीवर टेकवलं. रंग तिनं बरोबर पकडला. कुठल्या ऑफिसात काम करता, एवढंच तिनं निघताना विचारलं. ते भावाचंच ऑफिस होतं.

त्या संध्याकाळी ती भावाकडं गेली. भावजयीनं दार उघडलं, “ताई, तुम्ही? फोन तरी करायचा!” भाऊ आतून आला आणि तिचा चेहरा बघून ओळखलं त्यानं.

“कुणी सांगितलं?” तो म्हणाला.

“एका तुटक्या दातानं.”

भावजय शहाणी होती. तिनं कपाटातल्या चादरी एकाएकी घड्या करायला काढल्या आणि आतल्या खोलीत गेली.

“किती दिवस चाललंय?” मास्तरिणीनं विचारलं.

“बरेच झाले. वर्ष, जास्त असेल.”

“पल्याडातच?”

“दुसरं कुठलं येतं मला? तुझ्यासारखं जग मला बांधता येत नाही, ताई. मला त्यात हिंडता येतं फक्त.”

“आणि मला का नाही सांगितलं, छोट्या?”

तो सोफ्याच्या हातावर बसला. लहानपणी मार खायच्या आधी बसायचा तसा. “खरं सांगू? तू आली असतीस आणि नियम काढून बसली असतीस. ही मंडळी आठवडाभर राबून येतात. त्यांना शिदोरीतल्या भाकऱ्या मोजायच्या नाहीत. त्यांना उडी मारून ड्रॅगनच्या पाठीवर बसायचंय. मी बसू देतो. मी नवीन पुस्तकातले नियम घेतलेत. सोपे आहेत.”

“त्यात मेलेले उठतात.”

“उठतात,” तो म्हणाला. मग जरा पुढं सरकून, “ये ना या रविवारी. खेळायला. मास्तर म्हणून नाही, नुसती खेळायला. कधी खेळलीच नाहीस तू.”

हे खरं होतं. इतक्या वर्षांत ती नेहमी जग होती. जगात कधी उतरली नव्हती.

रविवारी ती गेली. लंबू म्हणून एक उंच माणूस होता, एक हिशेबनीस बाई होत्या, आणि दात तुटलेला, ज्याला नवा दात अजून बसायचा होता. भावानं ओळख करून दिली, “ही माझी ताई.” एवढंच. हे जग हिचं आहे, असं त्यानं सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे तिच्याकडं बघून बघून खेळले असते.

“तुम्ही कोण होणार?” हिशेबनीस बाईंनी मायेनं विचारलं, नव्या माणसाला विचारतात तसं.

“मीठ विकणारी.”

“वा! आणि शक्ती कुठली? एक तरी घ्यावी लागते. मी आग फेकते.”

“मिठवालीला शक्ती कशाला?”

“नियम आहे,” लंबू म्हणाला. “काकू, घ्या हो, फुकट असते.”

तिनं यादीतली सगळ्यांत लहान शक्ती निवडली, दिव्यावाचून उजेड पाडायची. निवडताना पल्याडातले सगळे तेली तिच्या डोळ्यांपुढून गेले. आता त्यांचं दुकान कसं चालणार? पण नियमांवर बोलायचं नाही असं ठरवूनच ती आली होती.

खेळ सुरू झाला आणि तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, की भाऊ चांगला मास्तर होता. तिच्याहून चांगला. तिच्या टेबलावर लोक विचार करायचे. इथं लोक उठून उभे राहत होते, ओरडत होते. हिशेबनीस बाईंनी आग फेकली तेव्हा खरंच हात झटकला. आणि दुसरी गोष्ट, की तिला यातलं काही आवडत नव्हतं. तीनघाटाहून निघालेली मंडळी दुपारपर्यंत खारेपाटला पोचली, जो रस्ता तिच्या हिशेबानं आठवड्याचा होता. वाटेतली गावं, त्यांची पाण्याची भांडणं, खिंडीत हिवाळा काढणारी म्हातारी, सगळं एका वाक्यात मागं पडलं. लंबू लढाईत मेला, आणि हिशेबनीस बाईंनी त्याला औषध पाजून बसता केला, आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या. हसणाऱ्या माणसांमध्ये बसून ती एकटीच रस्ता मोजत होती.

मग मंडळी करडीच्या काठाला आली.

“पलीकडं जायचंय,” भाऊ म्हणाला. “घाटावर एक होडी आहे. होडीत कुणी झोपलंय, टोपी तोंडावर.” आणि त्यानं खुर्चीत अंग सैल सोडलं, हनुवटी छातीला लावली, आणि खोकला. बाबांचा खोकला. “काय आहे? माणसाला झोपू द्यायचं नाही म्हणून वरून हुकूम सुटलाय का?”

आवाज हुबेहूब होता. कुरकुर, मधला श्वास, वाक्य संपताना वर जाणारा सूर. बाकीचे तिघं आधीच हसायला लागले होते. हा त्यांचा लाडका माणूस होता. दात तुटलेल्यानं तिला कोपरानं ढोसलं. “विचारा ना, काकू. नाव विचारा!”

तिनं नाव विचारलं नाही. ती मिठवालीच्या जागी बसली होती, म्हणून मिठवाली म्हणून बोलली. “तुम्ही पुरात गेला होतात, असं ऐकलं होतं.”

हसणं थांबलं. भावानं डोळे उघडले नाहीत. “गेलो होतो,” नावाडी म्हणाला. “पाणी गार होतं. पुढं जाऊन बघितलं, तिकडं कुणी भांडायलाच तयार नाही. कंटाळा आला. आलो परत.”

पुन्हा हशा पिकला. लंबूनं टेबलावर थाप मारली.

“आणि घरी?” तिनं विचारलं. “घरी कळवलंत का, परत आलो म्हणून?”

नावाड्यानं तोंड उघडलं. खोकला काढायचा प्रयत्न केला. पण जो आवाज आला तो भावाचा होता, बारीक, शाळेतल्या पोराचा. “ते…” तो म्हणाला आणि थांबला. मग उठला. “पाच मिनिटं थांबू या का? पाणीबिणी प्या सगळ्यांनी.” आणि तो दार उघडून बाहेर जिन्यात गेला.

मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नाही. कुणी फोन बघितले, कुणी बिस्किटं. ती त्याच्या मागून जिन्यात गेली. तो पायरीवर बसला होता. तीही बसली, एक पायरी खाली, कारण जिना अरुंद होता.

“मुद्दाम विचारलंस?” तो म्हणाला.

“नाही. मिठवालीनं विचारलं असतं ते विचारलं.”

“मी आवाज विसरत चाललो होतो, ताई.” तो जिन्याच्या कठड्याचा रंग नखानं खरवडत होता. “घरात आठवायचा प्रयत्न केला की येत नाही. टेबलाशी बसलो, चारजणं समोर असली, की आपोआप येतो. म्हणून आणला त्याला परत. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते.”

“का पण? एका नावाड्यानं काय बिघडतं तुझं?”

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुलूप लावत होतं, किल्ली अडकली होती. “बाबांनी स्वतः कागदाची घडी केली होती,” ती शेवटी म्हणाली. “मी परत फासा टाकू देणार होते त्यांना. तुला माहीत नाही. माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच नको म्हटलं.”

भावानं वळून बघितलं. “तू देणार होतीस?”

“बाबा होते ते. दिला असता.” ती म्हणाली. “तुला त्या आवाजानं बरं वाटतं. मला तो ऐकला की बाबा नाहीत हे पुन्हा पहिल्यापासून कळतं. तू वाईट करतोयस असं नाही म्हणत मी. पण मला ते जमायचं नाही, छोट्या.”

“म्हणजे तू येणार नाहीस.”

“खेळायला नाही.”

“मग मी बंद करू? तुझं जग आहे.”

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. कानांवरचे केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. “राहू दे,” ती म्हणाली. “पल्याड ठेव तू. नावाडीही ठेव. फक्त तीनघाट ते खारेपाट एका दुपारी कुणी पोचत नाही रे! बैलांचा तरी विचार कर.”

तो हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. “बोलणारे घोडे आहेत आता,” तो म्हणाला. “पळतात.”

“खोटंच बोलतात ना अजून?”

“नाही. ते मी काढून टाकलं. कुणाला आवडेना.”

पुढच्या आठवड्यात तिनं मोठा नकाशा गुंडाळून त्याला देऊन टाकला. त्याची त्याला गरज नव्हती, हे तिला माहीत होतं. कपाटात वर कुठंतरी जाईल. पण टेबलावर तो असताना तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तिनं नवं जग सुरू करायचं ठरवलं आणि खेळांच्या एका दुकानात पाटी लावली. पाटीवर तिनं खरं खरं लिहिलं: संथ खेळ, सामान मोजलं जाईल, मेला तो मेला. दुकानदार वाचून म्हणाला, “मॅडम, ही जाहिरात आहे का धमकी?” तरी दोन माणसं आली. एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना बुद्धिबळासारखं काहीतरी असेल असं वाटलं होतं, आणि कॉलेजातली एक मुलगी. गृहस्थ तासाभरानं पाय दुखतात म्हणून उठले. मुलगी शेवटपर्यंत बसली, तिनं नीट प्रश्न विचारले, तेलाचा बुधला विसरली नाही, आणि मास्तरिणीला वाटलं, मिळालं कुणीतरी. निघताना मुलगी म्हणाली, “छान होतं हं. पण खूप एकटं एकटं वाटतं तुमच्या जगात.” पुढच्या वेळी ती आली नाही. परीक्षा असल्याचा निरोप तेवढा आला.

मास्तरिणीनं पाटी काढली नाही, पण पुढं तिकडं फिरकलीही नाही. कोऱ्या कागदावर तिनं या खेपेला नदीच काढायची नाही असं ठरवलं होतं. डोंगर झाले, वाळवंट झालं, एक खारट तळं झालं. पाणी कुठूनतरी यायला हवं होतं. ती पेन्सिल धरून बसायची आणि नळाला पाणी येतंय का, दूध आणायचंय का, असले विचार मनात यायचे.

रविवारी मात्र भावजय आग्रहानं जेवायला बोलवायची. ती जायची. जेवण आटोपलं की मंडळी जमायची, भाऊ बाहेरच्या खोलीत टेबल मांडायचा, आणि मास्तरीण स्वयंपाकघरात भावजयीबरोबर भांडी पुसायला उभी राहायची. मधली भिंत पातळ होती. तिकडचं सगळं इकडं यायचं: खुर्च्या सरकणं, फासे, लंबूचं ओरडणं. एका रविवारी ती अशीच उभी होती. दात तुटलेल्याचा नवा दात एव्हाना बसला होता. मघाशी दारात तो तिच्याकडं बघून हसला तेव्हा कुठला दात तिचा आणि कुठला त्याचा हे तिलाही क्षणभर ओळखता आलं नाही.

“जा ना बाहेर, ताई,” भावजय म्हणाली. “इथं काय भांडी पुसत बसलाय?”

“इथून नीट ऐकू येतं,” ती म्हणाली.

भावजयीला खाली दुकानात जायचं होतं. पिशवी घेऊन ती गेली. मास्तरीण एकटी राहिली. तिनं शेवटची ताटली पुसून रॅकमध्ये उभी केली, फडकं पिळून वाळत टाकलं. पलीकडं नदी आली असावी, कारण आवाज खाली गेले होते आणि कुणीतरी खोकत होतं. मग कुणीतरी म्हणालं, “टाका फासा, टाका!” फासा टेबलावरून घरंगळत गेल्याचा आवाज झाला, लांबपर्यंत गेला, थांबला. क्षणभर शांतता, आणि मग सगळे एकदम ओरडले. आनंदानं का धसक्यानं, ते भिंतीअलीकडून कळत नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि पुढं कोण काय बोलतं याची वाट बघत राहिली.